शब्दचर्चा : ‘ईर्ष्यावान देव’ की ‘मत्सरी देव’?

बाळीवेस
ख्रिस्ती धर्म सोडलेल्या पाश्चात्त्य लोकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. धर्म का सोडला हा त्याचा विषय नाही. मनापासून मानत होते तेव्हा बायबलातला देव त्यांना कसा वाटायचा, एवढंच त्यात आहे. अडलंय निर्गम 20:5 पाशी. मूर्तींच्या पाया पडू नका म्हणताना देव कारण सांगतो की मी ‘जेलस’ देव आहे. मराठी बायबलात तिथे ‘ईर्ष्यावान देव’ आहे, मी तोच शब्द घेतला. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीनं खोडून ‘मत्सरी’ केलं. तिचं म्हणणं, ईर्ष्यावान असं सोलापुरात कुणी बोलत नाही आणि अर्थ शेवटी मत्सराचाच.

मला ‘मत्सरी’ नको. मत्सरी म्हटलं की निकाल लागला, आणि तो निकाल त्या माणसानं पुष्कळ नंतर दिलेला असतो. डार्विनचंच बघा. केंब्रिजला पाद्री व्हायच्या तयारीत होता तेव्हा बायबलातलं अक्षर न् अक्षर खरं मानायचा. बीगल जहाजावर नीतीच्या मुद्द्यावर बायबलचा दाखला दिला म्हणून अधिकारी त्याला हसले होते. तोच पुढे आत्मचरित्रात लिहितो की जुन्या करारात देवाला सूडबुद्धीच्या जुलमी सत्ताधीशाच्या भावना चिकटवल्या आहेत. पहिल्या वेळच्या श्रद्धेचं मराठी करताना दुसऱ्या वेळचा शब्द घातला, तर त्या तरुण माणसावर अन्याय होतो. श्रद्धा असताना हे ‘जेलस’ पुष्कळांना आपुलकीचं वाटलेलं असतं. एवढ्या विश्वाचा धनी, आणि मी दुसरीकडे गेलो तर त्याला लागतं! हे मराठीत कोणत्या शब्दात येईल?

मुद्रितशोधक
‘मत्सर’ अजिबात नको. षड्रिपूंतला सहावा तो. रिपू म्हणून जे आपण पाठ केलं ते देवाला विशेषण म्हणून लावलं, तर वाचक पुढचं वाक्य वाचतच नाही. ‘हेवा’ही नाही, कारण हेवा दुसऱ्याकडे असलेल्या गोष्टीचा वाटतो. इथे देवाला जे राखायचंय ते त्याचंच आहे. मात्र ‘ईर्ष्या’ लिहायचं तर ‘ष्य’ नीट लिहा. ‘ईर्षा’ अशुद्ध आहे, रोजच्या वर्तमानपत्रात दिसत असलं तरी.

सातरस्ता
ईर्षा अशुद्ध कसं? सगळा महाराष्ट्र ‘ईर्षेनं पेटून उठला’ असंच म्हणतो. आणि तिथे अर्थ मत्सर नसतोच. पोरगं ईर्षेनं अभ्यासाला लागलं म्हणजे जिद्दीनं लागलं. शब्द मराठीत येऊन पार बदलला. संस्कृतचा हिशेब संस्कृतपाशी ठेवा.

मुद्रितशोधक
अर्थ बदलतो हे मान्य. म्हणून जोडाक्षर गाळायचं का? उद्या ‘वैशिष्ट’ चालेल म्हणाल.

पूर्वभागकर
आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी, गिरणीत दोन्ही. आजीच्या शेजारणीकडं तेलुगू बायबल होतं. त्यात ह्याच जागी ‘रोषमुगल देवुडु’ आहे. आता मराठी माणूस ‘रोष’ म्हटलं की राग समजतो. तेलुगूत रोषम् म्हणजे नुसता राग नव्हे. कुणी आपल्या माणसाला बोललं आणि तुम्ही गप्प बसलात, तर ‘तुला काही रोषम् आहे की नाही’ असं विचारतात. अंगाला लागणं, मानाला लागणं, ते रोषम्. बाळीवेस विचारालेत तो अर्थ मला ह्यात पुरा दिसतो. हिंदी बायबलात ‘जलन रखने वाला ईश्वर’ आहे, ते मात्र मला कानाला खटकतं.

व्याकरणवाला
पूर्वभागकरांचं उदाहरण फार मोलाचं. संस्कृतातही ईर्ष्या आणि मत्सर एक नाहीत. पाणिनीचं सूत्र आहे, ‘क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः’. ह्या अर्थांच्या धातूंबरोबर ज्याच्यावर कोप असतो त्याला चतुर्थी लागते. क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया हे चार वेगळे धरलेत. टीकाकार सांगतात, ईर्ष्या म्हणजे अक्षमा, सहन न होणं. असूया म्हणजे गुणांत दोष काढणं. आणि पुढे जे उदाहरण येतं ते ह्या धाग्यासाठीच दिल्यासारखं आहे : ‘भार्याम् ईर्ष्यति’. नवऱ्याचा बायकोवर राग नाही. दुसऱ्या कुणी तिच्याकडे पाहू नये, एवढंच त्याला सहन होत नाही. म्हणून तिथे चतुर्थी न लागता द्वितीया लागते.

आता बायबलातलं होशेयचं पुस्तक उघडा. देव नवरा, इस्राएल दुसऱ्या दैवतांमागे गेलेली बायको. निर्गमातली ईर्ष्या ही त्याच नात्यातली आहे. ज्यांनी मराठीत ‘ईर्ष्यावान’ घातलं त्यांना हे सूत्र ठाऊक होतं की नाही, त्यात मी शिरत नाही. शब्द मात्र नेमका बसलाय.

मसुदावाली
खोडणारी मीच. पाणिनीचा दाखला वाचून माझा आक्षेप वाढलाच. बायकोकडे कुणी पाहू नये म्हणून अस्वस्थ असलेला नवरा हा आजच्या वाचक बाईला कसा दिसेल, याचा विचार करा. ज्या बायका ही श्रद्धा सोडून बाहेर आल्या, त्यांतल्या कित्येकींना नेमकं हेच नंतर नकोसं झालं. तुम्ही सुंदर शब्द देऊन ते झाकताय.

बाळीवेस
झाकायचं नाहीच. नंतर काय वाटलं ते लेखात नंतर येऊ द्या. तेव्हा त्या बाईला त्यात आसरा वाटला असेल, तर आधी तो आसरा वाचकाला कळला पाहिजे. नाहीतर ती इतकी वर्षं तिथे राहिली कशी, हेच कळणार नाही.

कंबरतलाव
सरळ ‘पझेसिव्ह’ लिहा. आज हाच शब्द सगळे वापरतात. त्यात प्रेमही येतं, गुदमरणंही येतं. मसुदावाली आणि बाळीवेस दोघांचं काम होईल.

मुद्रितशोधक
हजारो वर्षांपूर्वी सीनाय डोंगरावर बोलणारा देव ‘पझेसिव्ह’? कृपा करा.

कंबरतलाव
तो मराठीतही बोलला नव्हता.

रविवारची शाळा
मी सोलापुरातल्याच ख्रिस्ती घरात वाढले, अजून उपासनेला जाते. बाहेरून बोलणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते.

एक, ‘ईर्ष्यावान’ आमच्या कानांना कधी बोचला नाही, कारण तो एकटा येतच नाही. त्याच निर्गमात 34 व्या अध्यायात देव स्वतःचं वर्णन करतो त्यात ‘दयाळू’, ‘कृपाळू’ आणि ‘मंदक्रोध’ हे शब्द आहेत, आणि थोडं पुढे चौदाव्या वचनात ‘ईर्ष्यावान’ हे तर त्याचं नावच सांगितलंय. लहान मुलं हे एका दमात पाठ करतात. लेखातल्या लोकांनीही बहुधा असंच एकत्र ऐकलं असणार. तुम्ही एक शब्द उचलून तराजूत घालताय.

दोन, मराठी ख्रिस्ती कानाला नारायण वामन टिळकांची सवय आहे. त्यांचा ख्रिस्त माउली आहे. तुकारामाच्या वाटेनं ते त्याच्यापाशी पोचले. आम्ही ‘प्रीती’ म्हणतो, ‘देव प्रीती आहे’. हे शब्द लेखात आले की अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडातल्या माणसाचा देव आपोआप आमच्या टिळकांचा देव होईल. ती ऊब त्यांच्याकडे तशीच होती का, ते तपासून घ्या.

बाळीवेस
दुसरा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता आणि महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट घरात वाढलेल्याला एकाच रविवारी प्रेमळ बापही ऐकू येतो आणि सार्वकालिक नरकही. डार्विनला शेवटी सहन झालं नाही ते हेच. साधा शब्दार्थ धरला तर त्याचे वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र सार्वकालिक शिक्षेचे धनी ठरत होते. तो परिच्छेद घरच्यांनी 1887 च्या आवृत्तीतून गाळला, तो 1958 साली परत छापला गेला. अमेरिकन बायबल-अभ्यासक बार्ट एहर्मनचं उदाहरण वेगळं. तरुणपणी मूडी बायबल इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना शब्दन् शब्द देवाचा मानायचा, मग उदारमतवादी ख्रिस्ती झाला, आणि शेवटी जगातल्या दुःखाचा मेळ देवाशी लागेना म्हणून अज्ञेयवादी. एकाच माणसाच्या आयुष्यात देवाचा स्वभाव टप्प्याटप्प्यानं बदलला. मला टप्प्यागणिक शब्द हवेत.

व्याकरणवाला
‘मंदक्रोध’वरून आठवलं. हिब्रूत तिथे अक्षरशः ‘लांब नाकाचा’ असं आहे. नाक तापणं म्हणजे राग येणं, म्हणून लांब नाकाला राग चढायला वेळ लागतो. आपल्याकडे नाकाच्या शेंड्यावर राग असतोच की.

पूर्वभागकर
मग आखूड नाकाचा माणूस शीघ्रकोपी म्हणायचा का? आमची आजी असंच मानायची!

व्याकरणवाला
हिब्रूत खरंच तसं आहे. बायबलातल्या नीतिसूत्रांत उतावळ्या, रागीट माणसाला नाकानं आखूड म्हटलंय. आणि ‘ईर्ष्यावान’साठी मूळ हिब्रू शब्द ‘कन्ना’ हे विशेषण बायबलात फक्त देवालाच लागतं. त्याच धातूचं नाम स्तोत्र 69 मध्ये मंदिराबद्दलच्या तळमळीला वापरलंय, तिथे मराठी बायबल ‘आवेश’ म्हणतं. शिष्यांमधला शिमोन कनानी तोही ह्याच धातूवरून. लूक त्यालाच ‘जिलोत’, म्हणजे आवेशी, म्हणतो. म्हणजे ईर्ष्या आणि आवेश हिब्रूत एकाच मुळाचे. सातरस्ता म्हणतात ती ‘ईर्षेनं पेटणारी’ मराठी ईर्षा मुळाच्या जास्त जवळ गेली.

सातरस्ता
तेच मी पहिल्यापासून सांगतोय.

मुद्रितशोधक
अर्थ जवळ गेला, लेखन नाही.

रविवारची शाळा
एक वेगळीच शंका. लेखाच्या शीर्षकात तुम्ही ‘पूर्वाश्रमीचे ख्रिस्ती’ म्हणणार आहात का? तो शब्द संन्याश्याला शोभतो. ह्या लोकांनी काही घेतलेलं नाही, सोडलेलं आहे.

कंबरतलाव
‘माजी ख्रिस्ती’.

मसुदावाली
माजी आमदार असतो, माजी सरपंच असतो. श्रद्धा हे पद आहे का? ‘श्रद्धा सोडलेले’ लिहा.

पूर्वभागकर
‘सोडलेले’ म्हणजे त्यांनीच सोडली असं झालं. काहींची गळून गेलेली असते, सोडायची म्हणून सोडलेली नसते.

बाळीवेस
शीर्षकाचं नंतर बघतो. पहिल्या टप्प्याला ‘ईर्ष्यावान’ ठेवतोय, शेजारी ‘दयाळू, कृपाळू, मंदक्रोध’ यावेत अशी वाक्यरचना करून. नंतरच्या टप्प्यात, जिथे ती व्यक्ती मागे वळून बोलते, तिथे मसुदावालीचं ‘मत्सरी’ येईल. एकाच वचनाला लेखात दोन शब्द लागतील, लागू देत.

मसुदावाली
दोन शब्दांना माझी हरकत नाही. पण दयाळू, कृपाळू म्हणता, तर ओळीनं ‘ईर्ष्याळू’ का नाही? तो निदान बोलीतला वाटतो.

व्याकरणवाला
‘आळू’ सवय सांगतो. झोपाळू, लाजाळू, विसराळू. ईर्ष्याळू म्हणजे उठल्याबसल्या ईर्ष्या करणारा. ‘वान’ लागतो तो बलवान, गुणवान, धनवान अशा ठिकाणी. जे जवळ असणं चांगलं, तिथे.

मसुदावाली
मग दयाळू देवाला दयेची नुसती सवय आहे का?