मामा तलावाकाठी राहून पक्षी पाहायचा छंद: दुर्बीण कोणती?

गाव गोंदिया जिल्ह्यात, बाजूलाच मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला). गावात करमणुकीचं दुसरं काही नाही, म्हणून पक्षी पाहायचं ठरवलंय. दुर्बीण कोणती आणि जायचं कधी?

उत्तर १
भाऊ, ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. १०×५० जड पडते. हात थरथरला की चित्रही हलते. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून पाळीवर बसा, नाहीतर बदकं नुसती काळी दिसतात. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरते, मग चांगली दुर्बीणही कामाची नाही.

उत्तर २
नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी येतात: तलवार बदक, पट्टकदंब (रानहंस). पट्टकदंबाच्या डोक्यामागे दोन काळे पट्टे, ओळख चुकतच नाही. सारस मात्र इथलाच. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं दिसलं तर कृपा करून जवळ जाऊ नका. जोडी उठली की अंडी उघडी पडतात अन् कावळे टपलेलेच असतात.

उत्तर ३
पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. त्याचे निळे दाणे ओलावा शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईस्तोवर तापवा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको.