बार्सेलोस नगरपालिकेचं क्षेत्रफळ चुकीचं छापलंय का?

टेट्राप्रेमी:
माझ्या टँकमध्ये कार्डिनल टेट्रा (छोटे शोभेचे मासे) आहेत, ते मूळचे कुठले हे सहज शोधत होतो तर ब्राझीलच्या अमेझोनास राज्यात रिओ नेग्रोच्या काठावर बार्सेलोस म्हणून गाव आहे, तिथून ते जगभर जातात असं कळलं. लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत 25,718. इथवर ठीक. पण नगरपालिकेचं क्षेत्रफळ दिलंय साधारण 1 लाख 22 हजार चौरस किमी!! म्हणजे महाराष्ट्राच्या चाळीस टक्के झालं की. शून्यं जास्त पडलीत का, की हेक्टरचं किमी केलंय कोणी?

नकाशावेडा:
आकडा बरोबर आहे, घोळ शब्दाचा आहे. आपण नगरपालिका म्हटलं की गाव, गावाची हद्द, नळ, कचरा असंच डोळ्यासमोर येतं. तिकडे ज्या मुनिसिपिओचं भाषांतर नगरपालिका असं होतं, ते म्हणजे नुसतं शहर नाही. देशातली सगळी जमीन, अगदी माणूस न फिरकणारं जंगलसुद्धा, कुठल्या ना कुठल्या मुनिसिपिओत येतंच, असे साडेपाच हजारांच्या वर तुकडे आहेत. तालुका समजा, फक्त त्याला निवडून आलेला महापौर आणि नगरसेवक. बार्सेलोस गाव विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि हद्द मात्र विषुववृत्त ओलांडून थेट व्हेनेझुएलाच्या सीमेला जाऊन टेकते. आणि हे सगळ्यात मोठं पण नाही, पारा राज्यातलं आल्तामिरा याच्याही पुढे आहे.

टेट्राप्रेमी:
बापरे. म्हणजे माणशी पावणेपाच चौरस किमी जमीन?

काळं_पाणी:
भागाकार बरोबर आहे पण तसं कोणी राहत नाही हो. बार्सेलोस गाव सोडलं तर वस्त्या सगळ्या नदी नि उपनद्यांना चिकटून, आत आत जंगल, उत्तरेकडे यानोमामी आदिवासी लोकांचा राखीव प्रदेश. सरासरी घनता काढून काहीच कळत नाही, नदीकाठच्या दर किलोमीटरला किती माणसं असं मोजलं तर चित्र जरा खरं दिसेल. राज्याची राजधानी मानाउसला जायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. नदी म्हणजेच हायवे, आणि तो हायवे वर्षभर वरखाली होत असतो. खाली मानाउसला नदीची पातळी मोजतात तिथे 2021 च्या जूनमध्ये 30 मीटरच्या वर गेली होती आणि 2024 च्या दुष्काळात 13 च्याही खाली. बार्सेलोसपाशी नदीत मारिउआ नावाचा बेटांचा पुंजका आहे, हजाराच्या वर बेटं, पाणी उतरलं की पांढऱ्या वाळूचे पट्टे वर येतात आणि मोठ्या बोटींची पंचाईत होते.

गप्पिष्ट:
एवढं पाणी आणि माणसं इतकीच? मासे पकडून पकडून संपवले असतील, मग लोक निघून गेले, दुसरं काय.

काळं_पाणी:
उलट आहे. रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं, कुजलेल्या पाल्याचा अर्क, आम्लधर्मी आणि क्षार जवळपास नाहीतच. त्यामुळे गाळाची सुपीक जमीन तिथे नाही, मोठी शेती जमत नाही (डास मात्र कमी, तेवढंच सुख). पुरात जंगल पाण्याखाली जातं त्याला इगापो म्हणतात, कार्डिनल तिथेच झाडांच्या मुळांत फिरतात, आणि पाणी ओसरलं की डबक्यात अडकून कितीतरी आपोआपच मरतात. म्हणून हातजाळीने पकडणं तसं झेपणारं आहे. पकडणाऱ्यांना पियाबेरो म्हणतात. त्यांच्या पोटावर पाय आला तो दुसरीकडे टाक्यांमध्ये टेट्रांची पैदास व्हायला लागली तेव्हा. जंगल राहिलं तर मासा, आणि माशाला गिऱ्हाईक असलं तर जंगल राखायला कारण, असं ते गणित आहे.

नकाशावेडा:
अवांतर, हे गाव 1758 पासून काही काळ चक्क राजधानी होतं, पोर्तुगीजांच्या रिओ नेग्रो प्रांताची. नाव पण पोर्तुगालमधल्या बार्सेलोसवरून, आधी मारिउआच म्हणायचे. नंतर कारभार खाली मानाउसकडे गेला.

टेट्राप्रेमी:
भारी. आणि मी माझ्या टेट्रांना जड (जास्त क्षारांच्या) पाण्यात ठेवून वर रंग का फिका पडतोय विचारत होतो 😅 पुढच्या वेळी घेताना पकडलेले आहेत की पैदाशीचे ते विचारून घेतो.