आंबोलीत देवगांडूळ शोधायचंय: दगड उलटायचे की खणायचं?

प्रश्न (पाणथळ): एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जुलैत चौघं जण सहा दिवस आंबोलीला आहोत. वनविभागाची लेखी परवानगी मिळाली आहे. बेडूक आवाजावरून सापडतील, पण देवगांडुळाचं, म्हणजे मातीत राहणाऱ्या बिनपायाच्या उभयचराचं काय? कुदळ चालेल का? एक मित्र सॅलॅमँडरही (पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर) बघू म्हणतोय.

जांभा: सॅलॅमँडर सह्याद्रीत नाहीतच. ते दार्जिलिंगकडच्या हिमालयात आणि ईशान्य भारतात. देवगांडुळासाठी मात्र जागा उत्तम निवडलीत. २००३ साली वर्णन झालेलं 'गेगेनिओफिस डॅनिएली' हे देवगांडूळ आंबोलीचंच.

खणावंच लागेल. ओढ्याकाठची भुसभुशीत काळी माती, कुजलेल्या ओंडक्याखालची जागा, मालकाला विचारून शेणखताच्या ढिगाची कड. पाणी साचलेली जागा सोडा. मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन आखा, पाचोळा बाजूला काढून ठेवा आणि २५-३० सेंमी खोल जा. कुदळ नको, पात्याखाली जनावराचे दोन तुकडे होतात. दाताळं तिरकं खुपसून ढेकूळ उचकटायचं आणि हाताने फोडायचं. माती परत भरून वर पाचोळा पसरल्याशिवाय पुढच्या चौकोनाकडे जाऊ नका, नाहीतर ती जागा वाळते. काही सापडलं नाही तरी किती जणांनी किती मिनिटं शोधलं ते लिहाच. त्या शून्याशिवाय दोन जागांची तुलना होत नाही.

पाणथळ: मातीत ते गांडुळासारखंच दिसणार ना? ओळखायचं कसं?

जांभा: तोंड बघा. देवगांडुळाला जबडा आणि दात असतात, अंग बुळबुळीत, आणि पकडलं की ते जोरात पिळवटतं. गांडूळ आखडतं-ताणतं. चकचकीत खवले दिसले तर तो खापरखवल्या, म्हणजे साप. बिनविषारी आहे, सोडून द्या.

सड्यावरचा: दगडांबद्दल. सड्यावरच्या (कातळाच्या सपाट माळावरच्या) जांभ्या दगडाखाली फुरसं असतं. दगडाची पलीकडची कड आकड्याने धरून आपल्याकडे उचला, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि दगड मध्ये आड राहतो. बघून झाल्यावर दगड होता तसाच ठेवा. आंबोली टोड हा भेक सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, तेव्हा डबक्यांतून चालू नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

हातांचंही सांगतो, कारण इथेच सगळे चुकतात. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू, डासांसाठी मलम, यांतलं काहीही हाताला असेल तर बेडकाला हात लावू नका. त्याची कातडी ते सरळ शोषून घेते. प्रत्येक प्राण्यामागे नवा, पावडर नसलेला, पाण्याने धुतलेला हातमोजा आणि नवी पिशवी.

एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाण्याआधी बूट ब्रशने घासा. चिखल राहिला तर ब्लीचचा जोर मरतो. मग एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, पंधरा मिनिटं. हे ओढ्यापासून लांब करायचं. बेडकांना रोग करणारी कायट्रिड बुरशी बुटांवरूनही पसरते.