इंजिन बंद करायची घाई
‘विमानात वॉर्निंग आल्याबरोबर इंजिन बंद करायचं, चेकलिस्ट (काय काय तपासायचं याची क्रमवार यादी) कसली वाचत बसतात’ हे एकाचं मत पटलं नाही. ८ जानेवारी १९८९ला हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४००च्या डाव्या इंजिनातल्या पंख्याचं पातं तुटलं. थरथर, धुराचा वास. वैमानिकांनी घाईत बंद केलं उजवं, म्हणजे धडधाकट! त्याच सुमारास ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा) बंद केल्याने थरथर कमी झाली आणि त्यांना वाटलं, जमलं.

कॅप्टनने उजव्या इंजिनाचा बिघाड असल्याचं प्रवाशांना सांगितलंसुद्धा. डाव्या इंजिनाच्या ज्वाळा मागे बसलेल्या अनेकांना दिसल्या होत्या, पण कॉकपिटला कुणीच कळवलं नाही. (आपल्या एसटीत चाक जरा वाजलं तरी निम्मी गाडी ड्रायव्हरला सांगायला उठते.) उतरता उतरता डावंही गेलं, इंग्लंडमधल्या केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं. ४७ जण दगावले.