मदत हवी आहे: ग्लोरिया ग्रॅहमचं पुढे काय बघू?

मंडळी, सध्या जुन्या हॉलिवूडमधल्या अभिनेत्री ग्लोरिया ग्रॅहमचं वेड लागलंय. 'इन अ लोनली प्लेस' (1950) त्यातला हिरो हम्फ्री बोगार्टसाठी म्हणून लावला आणि शेवटी बघत बसलो हिलाच, तो काढला होता तिच्याच नवऱ्याने, निकोलस रेने, आणि तेव्हा दोघांचं फिसकटत चाललेलं, ते माहीत असलं की पिक्चर जास्तच बोचतो. मग 'द बिग हीट' (1953). ली मार्विन उकळती कॉफी तिच्या तोंडावर फेकतो तो सीन, आणि नंतर अर्ध्या चेहऱ्याला पट्टी बांधून फिरणारी ती, बापरे! 'द बॅड अँड द ब्यूटिफुल'मध्ये तर दहा मिनिटंही नाहीये पण ऑस्कर घेऊन गेली, सहाय्यक अभिनेत्रीचं.

आता अडलंय असं की 1955 च्या 'ओक्लाहोमा!'नंतर गाडी एकदम मंदावते. सावत्र मुलाशी लग्न केलं म्हणून झालेला गाजावाजा नको, ते सगळीकडे आहेच, मला कामाबद्दल हवंय. 1981 मध्ये गेली, तोवर टीव्ही, नाटक चालू होतं. त्यातलं खरंच बघण्यासारखं काय? आणि 1955 च्या अगोदरच्या पिक्चरांपैकी 'क्रॉसफायर' आधी बघू की 'ह्युमन डिझायर'? आणि सबटायटलसकट कुठे मिळतील तेही सांगा प्लीज, तिचं ते ओठातल्या ओठात बोलणं माझ्या कानाला झेपत नाही.