पायाचं शिकायला इंग्लंड? काकांना माझं उत्तर

मृण्मयी_सातारा
काल एका काकांनी लिहिलं, "पोडियाट्री, म्हणजे पायांच्या उपचारांचं शास्त्र, ते काय, नखं कापा, कुरुपं खरवडा. त्यासाठी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेल्या मुलीला इंग्लंडला धाडणं म्हणजे घर जाळून कोळशाचा व्यापार." ती मुलगी मीच. आजीला वीस वर्षं शुगर. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, गोळ्या बदल, पथ्य. मोजे काढा असं कुणी एकदाही म्हटलं नाही. पायाची संवेदना गेलेली, जोडवं बोटात रुतलं ते तिला कळलंच नाही. वास आला तेव्हा घरात कळलं. जोडवं कापलं, चार दिवसांनी बोटही. मी तेव्हा फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला, त्याच घरात. आता बोला.

निवृत्त_बँकवाला
आजीचं वाईट वाटलं. पण शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आजीच्या आठवणीवर फिटत नाही. तिकडे एचसीपीसीत, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेत, नोंद असल्याशिवाय पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही, म्हणून त्या नावाला किंमत. इथे फिजिओसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021 च्या कायद्याच्या यादीत नाव आलंय खरं, पण साताऱ्यात पाय दाखवायला पाचशे रुपये कोण देणार? लोक मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतात, नाहीतर ब्लेड घेतात.

लीड्सकर
ब्लेड घेतात म्हणूनच तर आमच्याकडे येतात, काका! मी दोन वर्षांचं एमएस्सी केलं, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड 5 या पगारश्रेणीवर लागले. नखं कापतेच, लाज कसली? पण निम्मा दिवस जखमांत जातो: मेलेली कातडी काढायची, जखमेवरचा भार दुसरीकडे हलवायचा, रक्तपुरवठा बघायचा. जादा कोर्स केलेले पोडियाट्रिस्ट 2013 पासून स्वतः औषधंही लिहून देतात. मृण्मयी, एक मात्र ऐक. बर्सरीच्या, म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या मदतीच्या, गप्पांवर येऊ नकोस, ती इंग्लंडच्या मुलांना. तुला परदेशी फी पडेल. पैशांबाबत काका बरोबर आहेत, नाइलाजाने म्हणते.

सुमनताई
ते राहू दे. सवाष्णीचं जोडवं कापलं? सोनाराकडून सैल करून घ्यायचं होतं वेळेवर. आमच्या सासूबाईंनी शेवटपर्यंत काढलं नाही.

मृण्मयी_सातारा
सुमनताई, बोट काळं पडलं होतं.

सुमनताई
मी बोटाचं नाही, वेळेचं बोलतेय. हल्ली सुना जोडवी घालतच नाहीत, मग ती सैल की घट्ट हे बघणार कोण?

चिडका_फिजिओ
म्हणजे सुनांनी जोडवी घातली असती तर आजीचं बोट वाचलं असतं? धन्य! शुगरवाल्या बाईच्या बोटात घट्ट चांदी ठेवायचीच कशाला? आमच्या आईची आम्ही काढून देवघरात ठेवली. दोन मावश्या वर्षभर बोलल्या नाहीत. शांतता मिळाली.

सुमनताई
मावश्या कोणाच्या ते कळलं. संस्कार दिसले.

जुना_कुष्ठसेवक
भांडा सावकाश. संवेदना गेलेला पाय भारतात नवा नाही. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवर हेच शिकले: दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. पुढे अमेरिकेत तेच ज्ञान मधुमेह्यांना लावलं. आम्ही एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला वाटायचो, तर लोक म्हणायचे, 'ही महारोग्याची चप्पल', आणि कोपऱ्यात ठेवायचे. आज तीच चप्पल शुगरवाल्यांना लिहून देतात. पोरी, जा, पण आधी सहा महिने इथल्या एखाद्या मधुमेह ओपीडीत खाली बसून पाय बघ. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, त्याला इंग्लंड लागत नाही. वास सहन झाला तर कर्ज काढ.

निवृत्त_बँकवाला
हे पटलं. सहा महिन्यांचं. कर्जाचं नाही. काढलंतच तर पहिला हप्ता गेला की इथे कळवा, मी पेढे वाटीन.

मृण्मयी_सातारा
सोमवारपासून जातेय एका ओपीडीत. पेढे शुगर-फ्री आणा.

सुमनताई
जोडवं चांदीचं होतं की जर्मन सिल्व्हरचं?

मृण्मयी_सातारा
चांदीचं. दोन तुकडे आजीच्या पानाच्या डब्यात आहेत. टाकू देत नाही.