मदत हवी आहे: सीआर९११४ अँटिबॉडी बी फ्लूपासून उंदरांना वाचवते कशी?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करतोय. फ्लूच्या अनेक प्रकारांवर चालणाऱ्या अँटिबॉडींवर पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे.

हिमॅग्लुटिनिन या फ्लू विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं डोकं सतत बदलतं, देठ फारसा बदलत नाही. म्हणून देठाला चिकटणारी अँटिबॉडी बऱ्याच विषाणूंवर चालते, आणि विषाणूचं पटल पेशीच्या पटलाशी जुळूच देत नाही. इथपर्यंत ठीक.

अडलंय पुढे. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पेपरात अशाच देठाला चिकटणाऱ्या सीआर९११४ नं फ्लूच्या ए आणि बी या दोन्ही प्रकारांपासून उंदीर वाचवले. पण नेहमीच्या न्यूट्रलायझेशन चाचणीत (अँटिबॉडी पेशींना होणारा संसर्ग रोखते का, हे प्रयोगशाळेत पाहतात ती) बी विषाणू तिला दाद देईना! मग उंदरात काय झालं? २०१४ चा, देठाच्या अँटिबॉडींना एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, पकडणारे रोगप्रतिकारक पेशींवरचे रेणू) लागतात हे दाखवणारा पेपर वाचलाय, पण त्यातले प्रयोग ए फ्लूवरचे. सरांनाही विचारलं, ते म्हणाले, "पुरावा दाखव."

लस कोणती घ्यावी हा प्रश्न नाही, आणि पैसे भरून वाचायचे पेपर सध्या परवडणार नाहीत. एवढंच सांगा: एफसी भाग निकामी केलेली सीआर९११४ बी फ्लूच्या उंदरांवर कुणी वापरून पाहिली आहे का, आणि तो पेपर मोफत कुठे वाचता येईल?